पीटीचा तास कुणाला हवाय?

पीटीच्या मास्तराजवळ किस्से फार साठतात. बाकीचे मास्तर शिकवण्यात गुंतलेले असतात. आम्हाला कुणी शिकवूच देत नाही, मग नुसतं बघत बसायचं! तालुक्याच्या स्पर्धांना आम्ही पीटीवाले एकत्र आलो की पोरांच्या शर्यती राहतात बाजूला आणि बाभळीखाली आमचीच मैफल रंगते. सगळे पोट धरून हसतात. परतीच्या एस्टीत मात्र कुणी कुणाशी बोलत नाही.

माझे किस्से सत्तरच्या दशकातले. सगळे एकाच शाळेतले.

*

मी मूळचा वाईचा. कृष्णेत डुंबून आणि तालमीत घाम गाळून वाढलेला. शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा घेतला आणि कडेगावच्या बाजूला एका हायस्कुलात लागलो. डोक्यात सगळं ताजं होतं. कुस्ती-मल्लखांब आपल्या मातीतले, कवायत इंग्रजाच्या पलटणीतून शाळेत आलेली, आणि या सगळ्याचा उद्देश एकच, की पोरगं अंगानं आणि मनानं ताठ उभं राहावं. पहिल्याच दिवशी हे सगळं हेडसरांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कपाटातून वेताची छडी काढून माझ्या हातात दिली.

"प्रार्थनेला पोरं फार गलका करतात. तेवढी गप्प ठेवा. मनाचं वगैरे आमचे मराठीचे सर बघतात!"

*

माझ्या जोडीला हवालदार मास्तर होते. शिराळ्याकडचे, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. डिप्लोमा नाही म्हणून कागदोपत्री माझे मदतनीस. वयानं माझ्या वडिलांएवढे, तरी मला "सर" म्हणायचे. मला फार ओशाळल्यासारखं व्हायचं.

शाळेला एक फुटबॉल होता. तो हेडसरांच्या कपाटात, पृथ्वीच्या गोलाशेजारी कुलपात असायचा. पोरं चिंध्यांचा चेंडू करून खेळायची. एकदा हवालदार मास्तर तो मागायला गेले आणि हात हलवत परत आले.

मी विचारलं, "काय म्हणाले हेडसर?"

"म्हनले, तुमाला बॉल दिला तर पोरं लाथा मारतील त्याला!" मास्तरांनी मान डोलावली. "खोटं न्हाई सर. मारतीलच की!"

*

एक बागाईतदार पालक तावातावानं शाळेत आले. पोराला आदल्या दिवशी मी जोर काढायला लावले होते.

"मास्तर, माजं पोरगं पहाटं उठून उसाला पानी पाजतंय, वैरन कापतंय, म्हशी धुतंय, मग तुमच्या शाळंला येतंय. त्येला तुमी आनि कसला व्यायाम देनार?"

मी म्हणालो, "कामात आणि व्यायामात फरक असतो हो. व्यायामात मुलगा स्वतःसाठी हालचाल करतो. त्याला आनंद मिळतो..."

त्यांनी माझ्याकडं दयेनं बघितलं.

"आनंद व्हय? आवं, मग आमी त्येला गावात उंडगायलाच सोडला असता. शाळंत कशाला घातला?"

*

गणिताचे सर माझा तास मागून न्यायचे. "तुमचा तास मोकळाच आहे ना?" एवढं विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता वर्गात शिरायचे. परीक्षा जवळ आली की रोज. परीक्षा लांब असली, तर अभ्यास मागं पडू नये म्हणून रोज!

एकदा मीच त्यांना म्हणालो, "सर, आज पोरांचा कबड्डीचा डाव अर्धा राहिलाय. तुमचा तास द्याल का?"

ते आधी चपापले. मग इतके हसले, इतके हसले, की डोळ्यांतलं पाणी पुसत शिक्षकांच्या खोलीत गेले. पुढं कुणीही नवीन माणूस आला की ते त्याला माझी ओळख अशी करून द्यायचे: "हे आमचे पीटीचे सर. लय विनोदी आहेत!"

*

तपासणीला साहेब आले. वर्गात शिरले आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "पीटीच्या तासाला तुम्ही काय करता?"

मी आदल्या दिवशी सगळ्यांकडून "सर्वांगीण विकास" घोकून घेतला होता. पण पोरगी खरं बोलणारी निघाली.

"आमी मैदान झाडतो, साहेब."

"आणि मुलं?"

"ती बघत्यात!"

वर्गात हशा फुटला. हेडसर लालबुंद झाले. आता माझी नोकरी जाते असं मला वाटलं, आणि खरं सांगू, थोडं बरंही वाटलं. निदान कुणाला तरी कळलं! पण साहेबांनी शेरा लिहिला: "शालेय स्वच्छता वाखाणण्याजोगी." हेडसरांनी तो चौकट करून लावला.

*

बाहत्तरच्या दुष्काळात पोरं पहाटे आईबापांबरोबर खडी फोडायला जायची आणि तिथून तशीच शाळेत यायची. हातांना फोड, पोटात काही नाही. अशात वरून पत्रक आलं: विद्यार्थ्यांची शारीरिक क्षमता मोजून कळवा.

आम्ही पोरं पळवायला उभी केली. शिट्टी झाली. एक थोडं पळून खाली बसलं. त्याला उठवायला दुसरं थांबलं, ते चक्कर येऊन पडलं. हवालदार मास्तरांनी सगळ्यांना लिंबाच्या सावलीत बसवलं आणि स्वतः घागरीतलं पाणी पाजलं.

"सर," ते मला म्हणाले, "पलटनीत आदी भाकरी देत्यात, मग पळवत्यात. हितं उलटंच चाललंय."

मी हेडसरांना सांगितलं, मोजणी होणार नाही. ते म्हणाले, "तुम्ही नका मोजू." आणि घरी बसून त्यांनी स्वतःच आकडे भरले.

त्या वर्षी क्षमतेत आमच्या शाळेचं तालुक्यात कौतुक झालं. पळालं कुणीच नव्हतं!

*

आता मैदानाचं सांगतो. आज तिथं दुमजली इमारत आहे, आणि पीटीचा तास वर्गात बाकावर बसून होतो. हवालदार मास्तर पायाभरणीच्या दिवसानंतर शाळेत आले नाहीत.

त्याआधी आम्ही दोघं संस्थेच्या चेअरमनसाहेबांच्या घरी गेलो होतो. मी हात जोडून म्हणालो, "साहेब, इमारत गावठाणाच्या बाजूला होऊ दे. पोरांनी पळायचं कुठं?"

"पळायचंच कशाला?" चेअरमन म्हणाले. "पोरांनी एका जागी बसावं म्हनून तर शाळा काढली आमी!"

पायाभरणीचा दिवस थंडीतला. पोरं सकाळपासून मैदानात ओळीनं उभी. पाहुणे बऱ्याच उशिरा जीपमधून आले. हार झाले, नारळ फुटला, कुदळ मारून झाली. पाहुण्यांनी भाषण केलं: सुदृढ पोरं हेच देशाचं धन, मैदानावरच माणूस घडतो, वगैरे. ज्या मैदानात खड्डा काढला होता, तिथंच उभं राहून! टाळ्या पडल्या. मी खाली मान घालून उभा होतो.

चेअरमननी माइकवरून सांगितलं, "हवालदार, सोडा आता पोरांना."

हवालदार मास्तर पुढं आले. पलटणीतला कोट घातला होता, छातीवर पदकं. एकदा सगळ्या मैदानावरून नजर फिरवली.

"सावधान! दाहिने मुड! दौड के चल!"

आणि सगळी शाळा पळायला लागली. ताटकळलेली पोरं, लहान, मोठी, मुलीसुद्धा. मैदानाच्या कडेकडेनं, मांडवाला वळसा घालून. पहिल्या फेरीला पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रमातच आहे. पण पोरं थांबेनात. पुन्हा वळसा, पुन्हा. धुरळा मांडवात शिरला, हारांवर बसला, पांढऱ्या टोप्यांवर बसला. पोरं हसत होती. तसं हसताना मी त्यांना शाळेत कधी बघितलं नव्हतं.

"आवं, थांबवा की त्यांस्नी!" चेअरमन ओरडले.

हवालदार मास्तर सावधानमध्ये उभे. ओठ घट्ट मिटलेले. डोळे समोर.

"हवालदार! उद्यापासनं येऊ नगा शाळंला!"

मास्तर हलले नाहीत. पाहुणे रुमालानं तोंड झाकत माझ्याजवळ आले. "अहो, हे काय चाललंय?" मी हवालदार मास्तरांकडं बघितलं.

हवालदार मास्तरांनी टाच आपटून कडक सॅल्यूट ठोकला.

"पीटी, साहेब!"