जर्मन अंकलांची खिचडी

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आम्ही आखातात, अल हिलालला राहायचो आणि बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये एक जर्मन प्रोफेसर एकटेच राहायचे. मी सातवीत, गणितात ठार ढ. अम्मी मला त्यांच्याकडे शिकवणीला पिटाळायची आणि बदल्यात तांदळाच्या भाकऱ्या पोचवायची.

अंकल मला पार्किंगमध्ये न्यायचे आणि एकेका नंबरप्लेटवर बोट ठेवून विचारायचे, ही संख्या प्राइम आहे का? एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी? बाबांच्या पिकअपचा नंबर तसा निघाला तेव्हा त्यांनी बॉनेटला चक्क सलाम ठोकला. आजही सिग्नलला पुढच्या गाडीचा नंबर भागून पाहिल्याशिवाय मला राहवत नाही.

अशा संख्यांबद्दलच्या एकाच प्रश्नाशी ते तीस वर्षं झुंजत होते. जेवणाच्या टेबलावर कागदच कागद. भाकरी खायला एक कोपरा तेवढा मोकळा.

एका दुपारी ते केक घेऊन वर आले. "खलास! माझा प्रश्न सुटला," इंग्रजीत म्हणाले. "अमेरिकेतल्या एका तरुणानं सोडवला. आनंदाची गोष्ट आहे." केक झकास होता. मी दोन तुकडे हाणले.

ते गेल्यावर अम्मीला सगळं मराठीत सांगितलं. तिनं केकला हातही लावला नाही. "तीस वर्सां जीव लावलान, नि उत्तर दुसऱ्याला गावलं. आज त्याच्या घरी चूल पेटायची नाय," म्हणाली आणि खिचडी चढवली. आमच्या रत्नागिरीकडे मय्यतीच्या घरी शेजारीच जेवण पाठवतात. मला भयंकर राग आला. माणूस केक वाटतोय आणि हिचं हे काय!

संध्याकाळी कुरकुरत पातेलं खाली नेलं. टेबल लख्ख मोकळं होतं.

"आज काय विशेष?" अंकलांनी विचारलं.

थाप मारता आली असती. पण मी सांगून टाकलं, "कुणी वारलं की त्या घरी आम्ही हे पाठवतो."

मला वाटलं, हसतील. ते खुर्चीत बसले आणि रडायला लागले. मोठ्या माणसाला तसं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी घाबरले.

"तीस वर्षांत पहिल्यांदाच," ते म्हणाले, "आज संध्याकाळी मला काही काम नाही."

मी दोन ताटल्या काढल्या, टेबलाच्या अगदी मधोमध मांडल्या आणि खिचडी वाढली.