दुधाला हिट

दाखलेकाका जन्ममृत्यू नोंदणीच्या कार्यालयात तीस वर्षं खिडकीमागे बसले. त्यांच्यासमोर धडधाकट माणूस येऊन उभा राहिला, तरी तो जन्मला होता हे त्याला कागदावर दाखवावं लागायचं. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं, आणि ते त्यांना मनातून आवडायचंही. निवृत्त झाल्यावर चार महिने त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. पाचव्या महिन्यात काकूंनीच त्यांना आमच्या सॉफ्टबॉलच्या मैदानावर धाडलं. आमच्या रविवारच्या लीगला स्कोअरर हवा होता आणि काकूंना रविवारची शांतता.

स्कोअररचं काम धावा लिहिण्याचं, असं ज्यांना वाटतं ते कधी स्कोअररशी भांडलेले नसतात. धावा कोणीही मोजेल. खरी मेख पुढेच आहे. बॅटरने चेंडू मारला, फील्डरला तो अडवता आला नाही, आणि बॅटर पळत पहिल्या बेसवर पोहोचला. आता हा बॅटरचा पराक्रम की फील्डरचा गलथानपणा? पराक्रम असेल तर बॅटरच्या नावावर हिट, गलथानपणा असेल तर फील्डरच्या नावावर एरर. मॅचच्या निकालात याने तसूभर फरक पडत नाही. पण त्या रात्री कोण नीट जेवतं आणि कोण नाही, ते यावर ठरतं. नियम एवढंच म्हणतो की साधारण प्रयत्नात तो चेंडू अडला असता का, ते बघा. साधारण म्हणजे किती, ते नियम सांगत नाही. ते दाखलेकाका सांगायचे.

चेंडू गेला की ते क्षणभर डोळे मिटायचे, कानावरची पेन्सिल काढायचे, लिहायचे, आणि मगच मान वर करून जाहीर करायचे. आवाज खिडकीमागचाच. त्यावर अपील नसायचं.

आमच्या संघाचा शॉर्टस्टॉप म्हणजे काकूंचा सख्खा धाकटा भाऊ. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ही जागा. सगळ्यात जास्त चेंडू तिथेच येतात. हा गडी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता. आठवडाभर अडकलेली माणसं सोडवायचा आणि रविवारी हातात आलेला चेंडू. पण त्या वर्षी त्याला काय झालं कोण जाणे, सहा मॅच झाल्या तरी त्याच्या नावावर एकही एरर नव्हती. लीगमध्ये सगळ्यात कमी एरर करणाऱ्याला चषक मिळतो. त्याने घरी टीव्हीवरची फुलदाणी हलवून जागा करून ठेवली होती.

सातव्या मॅचमध्ये एक सरळ, सरपटता, अगदी शहाण्या मुलासारखा चेंडू त्याच्याकडे आला आणि त्याच्या ग्लोव्हखालून निघून गेला. काकांनी डोळे मिटले, पेन्सिल काढली.

"एरर, शॉर्टस्टॉप," ते म्हणाले.

मेहुणा धावत टेबलाशी आला. चेंडू खड्यावर आपटून वाकडा झाला, असं त्याचं म्हणणं होतं. काका उठले, मैदानात गेले, चेंडू गेला त्या वाटेवर वाकून त्यांनी खडा शोधला. तो सापडला नाही. परत येऊन त्यांनी मेहुण्याला अतिशय प्रेमाने सांगितलं की खडा आणून दाखवलास तर मी खोडतो.

मेहुणा मैदानावरून तडक बहिणीकडे गेला.

मी त्यांच्या घराच्या थेट खालच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे पुढचं मला जिना न चढता कळलं. काकू भांडल्या नाहीत. त्यांनी काकांशी बोलणं बंद केलं आणि वस्तूंशी सुरू केलं. कपाटाला सांगायच्या की काही लोकांना नात्याची किंमत नसते. इस्त्रीला विचारायच्या की एक रेघ कमी ओढली असती तर पेन्सिल झिजली असती का. काका हे सगळं ऐकून घ्यायचे आणि अधूनमधून कपाटाच्या वतीने उत्तर द्यायचे, त्यामुळे प्रकरण चिघळत गेलं.

मग काकूंनी एक वही आणली आणि घरातल्या एरर लिहायला सुरुवात केली. छत्री विसरले, एरर. नळ चालू ठेवला, एरर. काकांनी या दोन्ही मुकाट्याने मान्य केल्या. नळाच्या नोंदीत तारीख राहिली होती, तीही घालायला सांगितली. तिसऱ्या दिवशी सकाळी दूध उतू गेलं. काकू मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या, काका ओट्याशेजारी बसून पेपर वाचत होते. काकूंनी वही उघडली.

"ही नाही चालणार," काका म्हणाले. वही सुरू झाल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच हरकत घेतली होती.

"का? तुम्ही दोन हातांवर बसला होता."

"तुला वाटलं मी बघतोय, मला वाटलं तू बघत्येस. दोन फील्डरच्या मधोमध चेंडू पडला, आणि दोघंही एकमेकांच्या भरवशावर राहिले, तर ती कोणाचीच एरर नसते. बॅटरला हिट मिळते."

काकूंनी वहीतून मान वर केली. "म्हणजे दुधाला हिट?"

"दुधाला हिट."

वरून हसण्याचा आवाज आला तेव्हा मी दाढी करत होतो. आधी एकट्या काकू हसल्या, मग दोघं. त्या दिवसापासून भांडण मिटलं असं नाही, पण त्याला वळण लागलं. काकू आता नियम विचारून घ्यायला लागल्या. डोळ्यांवर ऊन आलं तर? फेकलेला चेंडू समोरच्याने सोडला तर एरर कोणाची? काका नियमांचं पुस्तक काढायचे आणि चहा गार व्हायचा.

इकडे मेहुण्याने लीगच्या सेक्रेटरींकडे लेखी तक्रार केली. सेक्रेटरी दातांचे डॉक्टर. समोरच्याने तोंड उघडलं की आपण शांत राहायचं, ही त्यांची धंद्याची सवय. तक्रारीत म्हटलं होतं की स्कोअरर नात्यातले असल्यामुळे पक्षपात दिसू नये म्हणून ते जास्तच कडक वागतात. उपायही त्यानेच सुचवला: शेवटच्या मॅचला ताईला बसवा, तिला आता सगळे नियम येतात. ताई नात्यातली नाही का, हे विचारायचं डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही. काकांनी एका शब्दाने विरोध केला नाही. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं, रबर पुसून घेतलं आणि दोन्ही काकूंच्या हातात दिलं.

शेवटच्या मॅचला काकू टेबलाशी आणि काका प्रेक्षकांत. त्यांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. कधी गुडघ्यावर ठेवायचे, कधी खिशात. मेहुणा मात्र खुशीत होता. तोवर चषकाच्या शर्यतीत तो आणि विरुद्ध संघाचा एक रंगारी, दोघांच्या नावावर एकेकच एरर होती.

तिसऱ्या डावात एक चेंडू बंदुकीच्या गोळीसारखा आला आणि मेहुण्याच्या नडगीवर आदळून लांब उडाला. तो पाय धरून खाली बसला. बॅटर बेसवर पोहोचला. काकूंनी डोळे मिटले नाहीत की वर पाहिलं नाही.

"एरर," त्या म्हणाल्या.

मेहुणा पाय घेऊन लंगडत टेबलाशी आला. आगीतून फुफाट्यात पडलेला माणूस मी त्या दिवशी जवळून पाहिला.

"ताई, अगं, नडगी फुटली माझी."

"हललास का जागेवरून? लहानपणापासून असाच. दार वाजलं तरी उठायचा नाहीस."

तेवढ्यात काका प्रेक्षकांतून उठून आले. टेबलापासून दोन हात लांब थांबले. त्याच्या आत यायचा आता आपल्याला अधिकार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"त्याचं लहानपण धरता येणार नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "हा एकच चेंडू धरायचा. एवढा जोरात आलेला कोणाला अडवता आला असता?"

"त्याची बाजू घेताय तुम्ही?"

"चेंडूची घेतोय."

काकूंनी भावाच्या नडगीकडे पाहिलं. तिथे लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. मग त्यांनी रबर उचललं, एरर खोडली, हिट लिहिली, आणि कागदावरचा चुरा फुंकून टाकला. मेहुणा भाऊजींकडे असा बघत राहिला, जणू ते आजच त्याच्या बहिणीला मागणी घालायला आले होते.

शेवटच्या डावात त्यानेच एक सोपा चेंडू छान अडवला आणि पहिल्या बेसकडे फेकताना पहिल्या बेसवरच्या फील्डरच्या डोक्यावरून सरळ कुंपणापलीकडे घालवला. काका आणि काकू दोघंही एकदमच "एरर" म्हणाले. मेहुण्याने वादच घातला नाही. त्याने स्वतःच हात वर केला आणि चेंडू आणायला कुंपणावर चढला.

चषक रंगाऱ्याला मिळाला. मॅच आम्ही जिंकलो, पण त्याची आठवण फक्त मलाच आहे. मेहुणा नडगीला बर्फ लावायला बहिणीच्याच घरी गेला आणि तिथे त्याने भाऊजींना कबूल केलं की तो खडा कधी नव्हताच. काका म्हणाले, माहीत होतं, पण शोधायला हवा होता.

पुढच्या मोसमापासून टेबलाशी दोन खुर्च्या लागल्या. दोघांचं एकमत झाल्याशिवाय निर्णय जाहीर होत नाही, त्यामुळे आमच्या मॅच आता अंधार पडेपर्यंत चालतात. मागच्या रविवारी एका उंच उडालेल्या चेंडूवरून त्यांचं इतकं लांबलं, की बॅटर बेसवर मांडी घालून बसला आणि चेंडू टाकणारा पिचर घरी फोन करून आला. शेवटी काकूंचं म्हणणं खरं ठरलं. काकांनी कागदावर तसं लिहिलं, आणि खाली आपली सही करून पेन्सिल काकूंकडे सरकवली.