दोन दांड्यांचा रोबो

लेथखाली लोखंडाच्या चिपा साठतात, तसे किस्से साठतात. रोज कुणाचं लक्ष नसतं आणि एक दिवस बघावं तर पाय ठेवायला जागा नसते. कुपवाडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी तीस वर्षं ड्रिलवर काढली. सगळं सांगत बसलो तर तुमचा चहा चारदा गरम करावा लागेल. म्हणून आज फक्त रोबोचं सांगतो. हसू आलं तर हसा. आम्हीही हसलो. पण हसताना आमच्या सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती, अण्णांचा उजवा हात.

अण्णा आमचे टर्नर, लेथवर लोखंड कातणारे. जॉब, म्हणजे कातलेला तुकडा, मशीनवरून उतरवायच्या आधी ते त्यावर उजवा अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "आजून केसभर जाड हाय." मग मायक्रोमीटर लावून बघायचं. केसभरच निघायचं!

रेश्मा मॅडम डिप्लोमा करून आमच्याकडं तपासणीला लागल्या, त्यांना हे पटेना. दुसऱ्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काका, मायक्रोमीटर आम्ही वेळच्या वेळी तपासून घेतो. तुमचा अंगठा कोण तपासतं?"

अण्णांनी मान वर केली नाही. "आमची मंडळी. रोज, मी चिमटीनं आमटीत मीठ टाकताना!"

*

त्या अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. बोलता येईल असं डॉक्टर म्हणत होते, पण अण्णांनी बोलणंच टाकलं. वहिनी त्यांना उंब्रजला गावच्या घरी घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पहिले महिने महत्त्वाचे. बोटं हलवत राहिलात तर हात येईल, नाहीतर आहे तसाच राहील. दाबायला म्हणून एक रबरी बॉल दिला. अण्णांनी तो डाव्या हातानं दाराबाहेर फेकला. वहिनींनी उचलून आणला. परत फेकला.

आठ दिवसांनी मी फोन केला. "वहिनी, व्यायाम चाललाय न्हवं?"

"चाललाय की तात्या. बॉल शेजारच्या कुत्र्यानं न्हेलाय, त्योच करतोय!"

मी हसलो. त्याही हसल्या.

*

रेश्मा मॅडम एक दिवस जेवणाच्या सुट्टीत खोकं घेऊन आल्या. आत चार पिवळ्या मोटारी, चार चाकं, एक बोर्ड, बॅटरी, तारा, नट-बोल्ट, प्लॅस्टिकची प्लेट आणि रिमोट. रिमोटला दोन दांड्या. डावी दांडी ढकलली की डावीकडची चाकं फिरणार, उजवी ढकलली की उजवीकडची. सरळ जायचं तर दोन्ही अंगठे एकदम लागणार.

"अण्णाकाका बॉलला हात लावणार नाहीत," त्या म्हणाल्या. "पण समोर मशीन आहे आणि ते वाकडं चाललंय, हे त्यांना बघवेल का?"

आम्ही तिघं होतो. मी, वायरमन दिनकर आणि गेटवरचे सुभेदार, पलटणीतून रिटायर होऊन आलेले. सुभेदारांनी डबा बंद केला आणि खोक्यातलं सामान पेपरवर मांडायला घेतलं.

*

कागद सगळा इंग्रजीत. मला मराठीसुद्धा बेताचंच वाचता येतं. पण चित्रं होती, आणि चित्राला मी घाई करत नाही. आम्ही माण तालुक्याकडची मेंढपाळ माणसं. लहानपणी मेंढरं मी आकड्यानं मोजली नाहीत, तोंडानं ओळखली. तसेच नट-बोल्ट ओळखून ठेवले. तिसऱ्या दिवशी एक बारका नट दिसेना.

सगळं शॉप झाडलं. मशीनखाली बॅटरी मारली. शेवटी सुभेदारांनी तंबाखू मळायला चंची काढली, तर नट चुन्याच्या डबीत!

दिनकर तडकला, "आवं सुभेदार, हितं आमी कंबर मोडूस्तवर वाकलोय!"

सुभेदार शांतपणे म्हणाले, "म्हत्त्वाचा माल हाय म्हणून सुरक्षित जागी ठेवला व्हता. दाढंखाली गेला न्हाई, हे रेकॉर्डला घ्या."

*

दिनकरचं सांगतो. तीस वर्षं मोठ्या मोटारींची वायरिंग केलेला माणूस. त्यानं आपला नेहमीचा टेस्ट लॅम्प आणला, होल्डरात बल्ब आणि दोन तारा. तारा बॅटरीला लावल्या. बल्ब लागला नाही.

"मयत," दिनकर म्हणाला आणि त्यानं टोपी काढली!

चार दिवस खोकं तसंच पडून राहिलं. कंपनीनं फसवलं म्हणून आम्ही हळहळत होतो. मॅडम रजेवरून आल्या, त्यांनी बघितलं.

"काका, तुमचा बल्ब घरातल्या लायटीचा. ही बॅटरी टॉर्चची. कसा लागेल?"

दिनकर मान खाली घालून बल्ब सोडवायला लागला. मग म्हणाला, "चार दिवस ग्येलं की गं पोरी माझ्यापायी. अण्णाचं दिस ग्येलं."

त्या दिवशी त्यानं डबा उघडला नाही. उभ्या उभ्याच सगळ्या तारा जोडल्या.

*

पण सगळ्यात मोठी चूक तिघांची मिळून. त्या प्लॅस्टिकच्या प्लेटवर आमचा कुणाचा विश्वास बसेना. अण्णांपुढं ठेवायचं आणि असलं लेचंपेचं? सहा एमएमची लोखंडी प्लेट कापली. कडा घासल्या. भोकं मी स्वतः मारली, चित्राबरहुकूम. ग्राइंडिंग करून आणली, तोंड दिसत होतं त्यात!

चाकं बसवली. मॅडमनी दोन्ही दांड्या पुढं ढकलल्या. मोटारी गुंईंऽ करून कण्हल्या. रोबो जाग्यावरच!

"काका, किती किलोचा झालाय हा?"

सुभेदारांनी वाकून नीट बघितलं. "पाया लय पक्का झालाय मॅडम. आता दोन खोल्या काढा वर!"

पुन्हा प्लॅस्टिकची प्लेट लावली. रोबो सुर्रकन पळाला आणि मालकांच्या टेबलाखाली गेला. मालकांनी पाय वर घेतले.

"हे काय?"

"अण्णाचं औषध हाय," मी म्हणालो. मालकांनी पाय वरच ठेवले.

*

सुट्टीच्या दिवशी आम्ही चौघं एसटीनं उंब्रजला निघालो. रोबो आणि रिमोट कापडी पिशवीत, पिशवी माझ्या मांडीवर. कऱ्हाडच्या पुढं खड्ड्यात गाडी आदळली, कुठली तरी दांडी दाबली गेली आणि पिशवी फडफडायला लागली.

शेजारच्या म्हाताऱ्या बाई सरकून बसल्या. "कोंबडी हाय व्हय?"

"न्हाई आक्का, रोबो हाय."

त्यांनी पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "कंचा का आसंना. पाय बांधून आणावा की, बाबा!"

*

अण्णा कॉटवर टेकून बसले होते. आम्हाला बघून त्यांनी तोंड भिंतीकडं केलं, वाकडी बाजू दिसू नये म्हणून. मॅडमनी रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला, उजवा हात उचलून अंगठा दांडीवर टेकवला आणि रोबो खाली सोडला.

अण्णांनी बराच वेळ बघितलं. मग डाव्या अंगठ्यानं डावी दांडी ढकलली. रोबो गोल फिरायला लागला. एका जागी, गोल, गोल, गोल. उजवा अंगठा दांडीवर नुसता पडून होता. अण्णांच्या कपाळावरची शीर ताठ झाली, पण अंगठा हलला नाही. त्यांनी रिमोट बाजूला सारला आणि डोळे मिटले.

बाहेर आल्यावर दिनकरनं खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला. "म्या तारा बदलतो. एकाच दांडीवर सगळं करून देतो. निदान सरळ तरी चालंल. असं बघवंना मला."

"मग उजवा हात कशाला हलवतील ते?" मॅडम म्हणाल्या.

"आवं, माणूस रडाय आलंय तिथं!"

वहिनी चुलीपाशी होत्या. तिथनंच म्हणाल्या, "भाऊजी, तारांस्नी हात लावायचा न्हाई. गोल तर गोल. फिरू द्या."

*

मग माझा फोन आणि वहिनींचं उत्तर, एवढंच चालू राहिलं.

"वहिनी, काय म्हणतंय?"

"गोल."

आठ दिवसांनी परत. "काय म्हणतंय?"

"गोलच. पर आता सकाळी उठल्याउठल्या मागत्यात."

पुढच्या आठवड्यात, "तात्या, चाकाखालची फरशी पांढरी पडली बघा." त्या हे हसत सांगत नव्हत्या. डॉक्टरांनी सांगितलेले महिने सरत आले होते.

*

परवा आम्ही चौघं परत गेलो. दिनकरच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर होता, तो त्यानं लपवला नाही. बाहेरच्या खोलीत आम्ही चहा घेत होतो. आतून चाकांचा आवाज येत होता. थांबायचा, परत यायचा.

दिनकरनं कप खाली ठेवला. "वहिनी, तुमच्या पाया पडतो. आज मला तारा बदलू द्या."

वहिनींनी अडवलं नाही, रिकामी कपबशी उचलली. मॅडमही या वेळी नको म्हणाल्या नाहीत. दिनकर उठला आणि आतल्या दाराकडं वळला.

तेवढ्यात सुभेदारांनी हात वर केला. "थांबा. आवाज जवळ येतोय."

दारातून रोबोचं तोंड बाहेर आलं. थोडा बाजूला कलला, थांबला, परत सरळ झाला. वीतभर पुढं आला. थांबला. आणखी वीतभर आला आणि दिनकरच्या पायाला येऊन धडकला.

वहिनींनी कपबशी खाली ठेवली. आम्ही सगळे दाराशी धावलो. अण्णा घामानं भिजले होते. रिमोट मांडीवर, दोन्ही अंगठे दांड्यांवर. उजवा थरथरत होता, पण दांडी पुढं गेलेली होती. दिनकरला रडू आवरेना. सुभेदार ताठ उभे राहिले, मॅडमनी माझा दंड घट्ट धरला. दार आम्हीच भरून टाकलं होतं. रोबो दिनकरच्या पायाला धडका मारत होता.

अण्णांनी आमच्याकडं बघितलं. वाकडं तोंड यावेळी फिरवलं नाही. ओठ हलले, पुन्हा हलले, आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा शब्द बाहेर आला,

"बा... बाजूला व्हा की रं! त्याला जाऊ द्या!"