मनोहर उचलू नको

सकाळी सव्वासहाला फोन वाजला आणि मी उचलला नाही. उचलायचा नसतोच, असा आमचा नियम. माझा जुना मित्र मनोहर नाचणगावाहून मला एक रिंग द्यायचा, मी कारंजाहून त्याला एक द्यायचो. म्हणजे दोघंही उठलो, बरे आहोत. त्या दिवशी मात्र रिंग थांबेना. हातात चहाचा कप धरून मी बायकोला म्हणालो, "म्हातारा कट करायचं विसरला वाटते!" आणि हसलो. हो, हसलो मी. फोन पुन्हा वाजला तेव्हा मीच कापला, आणि वर शहाण्यासारखी त्याला उलट एक रिंग दिली. दहाच्या सुमारास त्याच्या मुलीचा, सुनीताचा फोन आला. "काका, बाबा गेले..." शेजाऱ्यानं दार ढकललं तेव्हा तो दुकानाच्या खोलीत खुर्चीवर होता, फोन मांडीवर. वहिनी नेमक्या आदल्या दिवशी सुनीताकडे सेवाग्रामला गेलेल्या. पोरगी काय सांगते आहे ते माझ्या डोक्यात शिरेचना. सव्वासहाला तर याचा फोन आला होता, मग हा गेला कसा?

मनोहर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. मी नाचणगावच्या शाळेत मास्तर होतो तेव्हा क्रिकेटची मॅच असली की हा दुकानातला सेट बाहेर स्टुलावर मांडायचा आणि स्वतः छतावर चढून अँटेना फिरवायचा. वरून ओरडायचा, "आलं का बे?" खालून अख्खी गल्ली, "आलं, आलं... गेलं!" मॅच आम्ही पाहायचो, हा बिचारा कौलांवर उभा राहून फक्त ऐकायचा. मग केबल आली, डिश आली, आणि हळूहळू ज्याच्या त्याच्या खिशातच टीव्ही आला. बिघडलेला सेट दुकानात आणण्यापेक्षा लोक नवा आणायला लागले. मला वाटलं हा खचेल. कसचं काय! कानात इयरफोन खुपसून जुनी गाणी ऐकत बसायचा. जेवायला बोलवायचं तर वहिनींना स्वयंपाकघरातून त्याच्या मोबाईलवर फोन करावा लागे.

माझा पहिला मोबाईल पुलगावहून यानंच आणून दिला. स्वतःचा नंबर स्वतःच टाकला आणि नाव लिहिलं, 'मनोहर उचलू नको'. "उचलला तं पैसे कटते, समजलं काय गुरुजी?" पुढे बोलणं फुकट झालं, चेहरे दिसायला लागले. मी म्हटलं, "लेका, आता तरी बोलत जा." तर म्हणे, "काऊन? तू जित्ता हायेस, हे समजते न मले. बाकीचं भेटल्यावर बोलू. येजो एखाद्या दिवशी." मी हो म्हटलं. रोज रिंग यायची, त्यामुळे भेट झाल्यासारखंच वाटायचं... तीन वर्षांत मी नाचणगावला फिरकलो नाही.

फिरकलो तो थेट त्याच्या मातीला. सुनीतानं सगळ्यांसमोर विचारलं, "काका, बाबानं तुमाले दोनदा फोन लावलता. काय म्हणत होते?" दहा माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती. "काई नाई... चहा पेला का, म्हणे." तोंडातून निघूनच गेलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला. तेव्हापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगतात, "एकटे नाई गेले ते. शेवटी भाऊजीसंग बोलले." पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी शेजारीच बसून ऐकत होतो. मान खाली घालण्याइतकीही लाज मला उरली नव्हती.

गेल्या रविवारी, सव्वासहाला, फोन वाजला. पडद्यावर 'मनोहर उचलू नको'. पहिल्याच रिंगला उचलला. वहिनी होत्या, त्याच्या फोनवरून.

"भाऊजी, झोपमोड तं नाई न केली? ते काय म्हणाले होते, पुन्हा एकदा सांगा न..."

"चहा पेला का, म्हणे."

"अन् मंग?"

बाहेर महामार्गावर ट्रक जात होते, वहिनी तिकडे फोन धरून थांबल्या होत्या. शेवटी रेंज गेल्याचं नाटक करून मी फोन ठेवला.

नाचणगावच्या त्या घरी पेपरची ही पुरवणी येते. वहिनी चष्मा लावून ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून तोंडानं झालं नाही ते इथं लिहितो. वहिनी, तो मला काहीच म्हणाला नाही. मी फोन उचललाच नव्हता.