काचेची गॅलरी आणि पितळी सोऱ्या

गॅलरीला काचा बसवायचं खूळ आमच्या ह्यांच्या डोक्यात शिरलं ते ठाण्याला, त्यांच्या मित्राच्या घरी. टॉवरमधला फ्लॅट, इतका वरचा की लिफ्टमध्ये कानांना दडे बसले. बाल्कनी सगळी काचांनी बंद केलेली, आत वेताचा झोपाळा, पायाखाली खोटं हिरवं गवत, वर बारीक दिव्यांची माळ. "ह्याला सनरूम म्हणतात," मित्र म्हणाला. बस्स! ठाकुर्लीला घरी पोहोचेपर्यंत ह्यांचं सगळं ठरलेलं होतं.

"अहो, सनरूम थंड देशातल्या लोकांनी करायची, त्यांना ऊन बघायला मिळत नाही म्हणून. आपल्याला काय उन्हाचा तुटवडा पडलाय?" मी म्हटलं. "आणि त्यांची बाल्कनी पूर्वेला आहे, आपली पश्चिमेला. दुपारनंतर भाजून निघेल माणूस." पण आमचे हे एकदा मोजपट्टी घेऊन उभे राहिले की त्यांच्या कानात काही शिरत नाही. वर पट्टीचं दुसरं टोक धरायला मलाच बोलावलं.

फार भांडले मात्र नाही. कारण हे सगळं कोणासाठी चाललंय ते मला ठाऊक होतं. आईंसाठी. म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी.

आईंच्या गुडघ्याची वाटी बदललेली थंडीत. ऑपरेशन उत्तम झालं, डॉक्टर खूश. घरी व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, गोड होती. तिने आईंना वॉकर सोडून काठीवर आणलं, घरभर फिरवलं. मग म्हणाली, आता जिना. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. दाराबाहेर पडलं की एक जिना खाली जातो आणि एक वर गच्चीवर. "आजी, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी," असं तिने घोकून घेतलं आणि गच्चीच्या जिन्याकडे नेलं. तीन-चार पायऱ्या झाल्या आणि पाय लटपटला. पडल्या नाहीत, तिने धरलं. पण आई तिथेच पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. माझ्या लग्नापासून मी त्या बाईला रडताना एकदाच पाहिलेलं, सासरे गेले तेव्हा. "बास झालं," म्हणाल्या. "माझा जिना संपला."

त्यानंतर उंबरठ्याबाहेर पाय नाही. त्या मुलीने समजावलं, डॉक्टरांनी दम भरला, ह्यांनी हातापाया पडून पाहिलं. नाही म्हणजे नाही. मला खरंच भीती वाटायला लागली. पाय बरा होता हो, पण तो वापरलाच नाही तर किती दिवस बरा राहणार? आणि आमच्या आई काही घरात बसून जप करणाऱ्यातल्या नव्हेत. मूळच्या नाशिककडच्या. दर उन्हाळ्यात कुरडया, पापड, बटाट्याचा कीस, सांडगी मिरची, सगळं वाळवण गच्चीवर. डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून, हातात काठी घेऊन कबुतरं हाकत बसायच्या. सोबतीला पहिल्या मजल्यावरच्या काकू, त्या कोकणातल्या, पोह्याचे मिरगुंड करणाऱ्या. "तुमच्या त्या कुरडया म्हणजे नुसता जाळीचा पसारा," असं काकू म्हणायच्या आणि डबा भरून घेऊन जायच्या. आई म्हणायच्या, "आणि तुमचे मिरगुंड म्हणजे पोह्यांची नासाडी," आणि त्याही डबा भरून आणायच्या. अशी ती दोस्ती.

जिना संपला म्हणाल्या त्याच आठवड्यात आईंनी माळ्यावरून पितळी सोऱ्या काढायला लावला. सासरे कल्याणजवळ मोहने गावातल्या कारखान्यात नोकरीला होते, पहिल्या बोनसला त्यांनी कल्याणच्या बाजारातून तो आणलेला. सोऱ्यात गव्हाचा शिजवलेला चीक भरायचा, दाबायचा, खाली कुरडई पडते. हा असा जड की दाबताना माझे खांदे भरून यायचे, आईंचे नाही. चिंचेने घासून लख्ख केला आणि मला म्हणाल्या, "खाली काकूंना देऊन ये. मला आता काय करायचाय?"

मी गेले. काकूंनी तो दोन्ही हातांनी घेतला. त्यांच्या घरात कुरडया कोणी करत नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

तर त्या दुःखावर आमच्या ह्यांनी काढलेला इलाज म्हणजे सनरूम. "आई खाली जात नाही ना, मग बाहेरचं जग तिला इथेच दिसू दे," म्हणाले. ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे ती कधीच जाणार नाही असं आपणही धरून चालायचं की काय? पण मुलाची माया असते, तिला कोण काय बोलणार.

शिमगा झाला आणि काचा बसल्या. सरकत्या खिडक्या, वर पारदर्शक पत्रा, खाली खोटं गवत. झोपाळाही आला. सकाळी आईंना त्यात बसवून ह्यांनी फोटो काढले, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. अंगठे, फुलं, हात जोडलेले, सगळं आलं.

दुपारी दोनला आई आत आल्या. "बाळा, छान आहे हो तुझी खोली," म्हणाल्या, "फक्त आत फोडणी द्यायची राहिलीय."

खरंच भट्टी होती ती! गवत तापून प्लॅस्टिकचा असा वास सुटायचा की डोकं धरावं. झोपाळ्याच्या कड्यांना हात लावायची सोय नव्हती. ह्यांनी पडदे लावले, मग पंखा लावला, तो गरम वारा फेकायला लागला. मग कूलर, एसी असली भाषा सुरू झाली. मी शेवटी वैतागून तिथे दोऱ्या बांधल्या आणि धुणं वाळत घातलं. तासाभरात चादरी कडकडीत. संध्याकाळी घड्या घालता घालता मी ह्यांना टोमणा मारला, "तुमच्या सनरूमचा एक उपयोग सापडला. कपडे पापडासारखे वाळतात."

आई तिथेच भाजी निवडत होत्या. हात थांबला त्यांचा. एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्याहून ऑफिसातून आले तर खोटं गवत गुंडाळून कोपऱ्यात उभं आणि फरशीवर जुनं पातळ पसरून त्यावर बटाट्याचा कीस. काचा गच्च बंद, आणि आतून सगळ्या घामाघूम झालेल्या. कीस काळा पडलेला. मी मनात म्हटलं, झालं, आता पुन्हा गप्प होणार. पण आई काचेवरून बोट फिरवून ते पाणी बघत होत्या. "ऊन आहे, पण वारा नाही," म्हणाल्या. "गच्चीवर वारा असतो ना." दुसऱ्या खेपेला त्यांनी दोन्ही टोकांच्या काचा चार बोटं उघड्या ठेवल्या आणि फटींना जुन्या मच्छरदाणीचे तुकडे लावले. खाली फरशीऐवजी खाटेवर पसरलं, म्हणजे खालूनही हवा. संध्याकाळी कीस पांढराशुभ्र, मुठीत घेतला की खुळखुळ वाजतोय. ना धूळ, ना केर. कबुतरं बाहेरच्या कठड्यावर बसून काचेवर चोची मारत होती, आणि आई आतून त्यांना म्हणत होत्या, "मारा, मारा. बसा बोंबलत."

किती दिवसांनी हसताना पाहिलं मी त्यांना! ठाण्याच्या त्या टॉवरवाल्यांनी काय केली असेल सनरूम. आमच्या आईंनी केली ती खरी. मुलाने त्यांना बसायला जागा दिलेली, त्यांनी त्याला न दुखावता त्या जागेचा कारखाना केला. मला तर बाई त्यांचा अभिमानच वाटला, आणि तो मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले.

कीस झाला, मिरच्या झाल्या. मग एक दिवस बघते तर मोठ्या पातेल्यात गहू भिजत घातलेले. मी विचारलं, "आई, कुरडया? आणि सोऱ्या?"

"बघू."

"मी आणते ना काकूंकडून."

"दिलेली वस्तू दुसऱ्याच्या हातून परत मागवतात होय? तोंड आहे मला."

मला वाटलं, फोन करतील. गहू भिजले, रोज पाणी बदललं गेलं, वाटून, पिळून चीक काढला, रात्रभर बसवला, तरी फोन नाही. मी रजा काढलेली, कारण चीक शिजवायला दोघी लागतात. सकाळी वरचं पाणी निथळून टाकलं, आधणात मीठ-हिंग घातलं आणि आईंनी चीक ओतायला सुरुवात केली. मी ढवळायला. आता चीक शिजवणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. हात थांबला की गुठळी झालीच. खांदे भरून आले, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला तरी पुसायची सोय नाही.

"ढवळत राहा हं," आई म्हणाल्या. "मी आलेच."

मला वाटलं गॅलरीत प्लॅस्टिक अंथरायला गेल्या. तेवढ्यात बाहेरच्या दाराची कडी वाजली.

आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बाईने मुद्दाम ही वेळ साधलेली. मी पातेलं सोडून मागे येऊ शकणार नाही, हात धरू शकणार नाही, पायरीपायरीला "आई सावकाश" म्हणू शकणार नाही, अशी वेळ. मी "आई! आई!" हाका मारल्या. ढवळतेय आणि कान जिन्याकडे. काठीचा आवाज, मग थांबलेला. पुन्हा काठी. मग काहीच नाही. किती वेळ गेला कोण जाणे, मला राहवेना. गॅस बंद केला आणि धावले.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या दिसल्या. वर येत होत्या. चेहरा लाल, पदर खोचलेला, एका काखेत सोऱ्या गच्च धरलेला आणि दुसऱ्या हाताने कठडा. मागे काकू, आईंची काठी हातात घेऊन. "मी आणून देते म्हटलं हो," काकू मला बघून म्हणाल्या, "तर हात झटकला माझा." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसतही होत्या. आई ओठांतल्या ओठांत पुटपुटत होत्या, "चांगला आधी, चांगला आधी." मान वर केली, मला पाहिलं आणि ओरडल्या, "अगं, चीक सोडून आलीस? गुठळ्या होतील ना!"

झाल्याच गुठळ्या. सोऱ्यातून धड उतरेना. पहिला घाणा फाटका-तुटका पडला. काकू नाक मुरडून म्हणाल्या, "हा तर जाळीचासुद्धा पसारा नाही," आणि उरलेला गरम चीक तेल घालून वाटीभर खाल्ला. आईंनीही खाल्ला. गॅलरीत कुरडया वाळत होत्या आणि आम्ही तिघी आतल्या सावलीत पंख्याखाली बसून त्यांच्याकडे बघत होतो.

संध्याकाळी हे आले, त्यांना सगळं कळलं. त्यांनी सोऱ्या उचलून उगाच उलटसुलट करून पाहिला. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "आई, गॅलरीला एसी लावूया का? तुला बसता येईल."

"नको रे बाबा, माझ्या कुरडया ओल्या राहतील," आई म्हणाल्या. गुडघ्याला तेल चोळत होत्या. चोळता चोळता त्यांनी काचेतून वर, गच्चीच्या बाजूला पाहिलं. "गच्चीच्या दाराची चावी हल्ली कोणाकडे असते?"

हे माझ्याकडे बघायला लागले. चावी आमच्याच दारामागच्या खिळ्याला होती, थंडीपासून कोणी हात लावला नव्हता. मी उठले, काढली आणि आईंच्या हातात दिली.