तोंड कुठल्या दिशेला

मंगळवारी दुपारी तार आली. माझा भाऊ अण्णा आफ्रिकेत तापाने गेला होता. त्याला तिथेच पुरलं होतं.

अप्पांनी तार दोनदा वाचली. अव्वाने, म्हणजे आईने, एकच विचारलं, "बसवलं का झोपवलं?" तारेत ते नव्हतं.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवतात आणि वरून माती लोटतात. परक्या गावात हे कोणाला ठाऊक असणार, हाच घोर अव्वाला लागला होता. मी तिच्या शेजारी बसले होते. मला दुसरीच भीती वाटत होती, कारण आदल्या दिवाळीत आमच्या स्वयंपाकघरात काय झालं ते मला माहीत होतं.

अण्णा तेव्हा दिल्लीला एम.ए. करत होता. देशादेशांनी मिळून कामं कशी करायची, याचा तो अभ्यास होता. नातेवाइकांना तो समजत नसे. मामा म्हणायचे, "जगाचं भलं करायला एम.ए. लागतं होय? आधी मामाचं कर की." आमचं सोलापूरला चादरींचं दुकान होतं. अप्पा हसून म्हणायचे, "आपली चादर कुठल्या कुठं जाते. पोरगं गेलं तर काय झालं?"

शेवटच्या वर्षी त्या मुलांना जोडीजोडीने परदेशातल्या खेड्यात राहून काम करायचं होतं. अण्णाच्या वाट्याला कापूस पिकवणाऱ्यांची एक सहकारी संस्था आली होती आणि जोडीला नेपाळचा एक मुलगा. जाण्याआधी जोडीदाराची सगळी रीत शिकून घ्यायची, असा त्यांच्या सरांचा नियम होता. तो काय खातो, काय शिवत नाही, आजारी पडला तर काय करायचं. आणि मेला तर काय करायचं.

अण्णा ते अव्वाला विचारायला बसला. ती शेंगा कुटत होती.

"अव्वा, बसवतात ते माहीत हाय मला. लिंग डाव्या हातात. पण तोंड कुठल्या दिशेला करतात?"

अव्वाचा हात थांबला. "सणाच्या दिवशी हे काय विचारतोस? तुझ्या मास्तराला दुसरं काय न्हाय का शिकवायला?"

"त्याचं सगळं मी लिहून घेतलंय. माझं त्याला सांगायला नको?"

"नको. बोललं की होतं तसं. अप्पांना विचारलंस तर माझी शपथ हाय तुला."

शपथ घातल्यावर अण्णा माझ्याकडे बघून हसला आणि शेंगा निवडू लागला. आमच्या घरच्या बायका स्मशानात जात नसत. मला विचारूनही उपयोग नव्हता.

तार आल्यापासून अव्वा आडवी झाली नाही. भिंतीला टेकून बसायची, बसल्या जागी डोळा लागायचा. गिरणीचा भोंगा झाला की दचकायची. मी पाठीमागे उशी ठेवली तर ती काढून टाकायची. तिने तोंडाने कधी म्हटलं नाही, पण पोराला आडवं टाकलं असेल तर आपण कसं पडायचं, असंच तिच्या मनात असावं. ती अशीच बसून संपेल, असं मला वाटू लागलं. शाळेतून शिकवून परतताना घर जवळ आलं की माझी पावलं मंदावत.

उन्हाळ्यात तो नेपाळचा मुलगा आला. अण्णाचे कपडे आणि पुस्तकं घेऊन आला होता. हिंदी बोलायचा, त्यामुळे अव्वाला मधे कोणी लागलं नाही. त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही तोच तिने विचारलं. तो म्हणाला, "बसवलं, माँजी. मांडी घालून. लिंग मी माझ्या हाताने त्याच्या डाव्या हातावर ठेवलं."

अव्वा त्याच्याकडे बघत राहिली. "आणि तोंड?"

त्याने मान खाली घातली. "तेवढं त्याने सांगितलं नव्हतं. म्हणाला होता, आईला विचारलं, पण तिला भीती वाटते. मग मी घराकडं केलं. तुमच्या घराकडं."

अप्पा उठून बाहेर गेले. बरोबर झालं की चुकलं, ते काही बोलले नाहीत. अव्वाने मला माझा शाळेतला नकाशासंग्रह आणायला लावला. त्या गावावर मी बोट ठेवलं आणि सोलापूरपर्यंत नेलं. "ईशान्य," मी म्हणाले. तिने स्वतःचं बोट त्याच वाटेवरून एकदा फिरवलं. मुलगा जेवून स्टेशनवर गेला, आणि अव्वा चटईवर आडवी झाली. तोंड भिंतीकडे होतं. झोपली की नाही, मला कळलं नाही.

पुढे काही वर्षांनी अप्पा वारले, नंतर अव्वा गेली. दोघांनाही नेलं तेव्हा मी घरातच थांबले.

नकाशासंग्रह माझ्याकडे आहे. आमच्यात तोंड कुठल्या दिशेला करतात, हे मी अजून कोणालाही विचारलेलं नाही.