दादाची खुंटी

तीन आठवड्यांपूर्वी सोनपेठहून विनायकदादाचा मुलगा आला. सोप्यात टेकला आणि म्हणाला, "काका, बाबा गेले." आमच्या भटजींनी बोटं मोजून सांगितलं, "ते दत्तक गेलेले. तुम्हाला सुतक तीनच दिवसांचं." पाठचा सख्खा भाऊ मी, आणि माझ्या दुःखाला मुदत तीन दिवसांची... राग आला. पण भटजी शास्त्रच सांगत होते, आणि त्या शास्त्रावर आयुष्यभर मीच पोसलो होतो.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षी वडिलांच्या निपुत्रिक चुलतभावानं, सोनपेठच्या तात्यांनी, दादाला मांडीवर घेतलं. तात्यांची जहागीर होती. आमच्या ताडकळसच्या घरात तेव्हापासून दादाच्या जिवावर मनोरे रचणं सुरू झालं. माझं कॉलेज, नवी विहीर, चांगली बैलजोडी, सगळं आता सोनपेठहून येणार होतं. चौदा वर्षांच्या दादाला कुणी काही विचारलं नाही. दत्तक गेलेल्यानं जन्मदात्यांना आई-बाबा म्हणायचं नसतं. निघताना तो आईच्या पाया पडला आणि शिकवल्याप्रमाणे म्हणाला, "येतो, काकू." आई आत निघून गेली.

पुढं निजामाचं राज्य गेलं, जहागिरी गेल्या, जमीन कसणाऱ्या कुळांकडे राहिली. कुळांचं झालं ते रास्तच. दादाच्या वाट्याला मात्र अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले तात्या तेवढे आले. वडील दादावरच असे चिडले, जसं काही त्यानंच जहागीर बुडवली.

पाच-सहा वर्षांनी एका दुपारी दादा आला. जेवताना हळूच म्हणाला, "काका, तिथं कायबी राहिलं न्हाई. तात्याला घेऊन इकडंच येऊ का? शेतात राबंल मी."

वडिलांनी ताटातून मान वर केली नाही. "तू आता त्यांचा. इथं तुझा वाटा न्हाई."

"वाटा न्हाई मागायलो, काका. जागा मागायलो."

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी सतरा वर्षांचा घोडा होतो. 'दादाला येऊ द्या' एवढंच म्हणायचं होतं. पण तो आला की आज ना उद्या शेताचे दोन तुकडे होणार, हे मला चांगलं कळत होतं. मी ताकाची वाटी तोंडाला लावली.

तात्यांना सोडता येईना, इकडं येता येईना... कापडदुकानात नोकरी करून दादानं त्यांचं सगळं अंथरुणातच केलं. एकदा मला म्हणाला, "चारा सरला रे, दावं तेवढं लय मजबूत हाय." वर हसला. मला हसता आलं नाही.

आमच्याकडं आला की तो दाराजवळच बसे, टोपी मांडीवर घेऊन. आई म्हणे, "अरे, टोपी खुंटीला लाव की." सोप्यातली कोपऱ्यातली खुंटी लहानपणापासून त्याचीच होती. तो म्हणे, "जायचंच हाय, काकू." आई गेली तेव्हा तो थोरला असून अग्नी मी दिला. तो तीन दिवस बसला आणि चौथ्या दिवशी एसटीनं परत गेला.

मी या वेळी दहा दिवस पाळले. परवा एका पाहुण्यानं कोपऱ्यातल्या खुंटीला पिशवी अडकवली, ती मी लगेच काढायला लावली. म्हटलं, "ती दादाची जागा हाय." माझे शब्द माझ्याच कानावर पडले. त्या दुपारी दादा समोर जेवत होता, तेव्हा एवढंच म्हणायचं होतं...